सुतळी

लायटर मी सुतळीला बांधलाय,
टपरीच्या डाव्या खांबाला.
सुटा ठेवला तर संध्याकाळपर्यंत राहत नाही.
लोंबतो तो माझ्या गळ्याशी,
आणि माझा एक नियम होता, कुठे न लिहिलेला,
पण पोरांना पाठ:
ज्याला पेटवायला मान वाकवावी लागत नाही
त्याला द्यायची नाही.

पाटीवर अठरा लिहिलंय, खरंय.
म्हात्रे पुलाच्या या अंगाला
जन्माचा दाखला कोण घेऊन फिरतं?

निहारने पहिले चार महिने फक्त चिंगम घेतलं.
वरच्या मजल्यावर क्लास.
सव्वासातला फिजिक्स सुटतं, साडेसातला केमिस्ट्री बसतं,
मधली पंधरा मिनिटं
ठेवायला पोरांकडे जागा नाही.
जिन्याच्या तोंडाशी टेस्टचे नंबर लावलेले,
दर सोमवारी, नावानिशी, पार शेवटच्यापर्यंत.
हातात सिगारेट असली की
यादीकडे पाठ करून उभं राहता येतं.
नुसता उभा असलेला पोरगा
वाचत असल्यासारखाच दिसतो.

लोक म्हणतात संगत, लाड, मोबाइल.
असेल.
मी बरण्यांच्या मागून बघतो,
मला हात दिसतात. रिकामे.

एका सोमवारी म्हणाला, "एक द्या."
कुठली, ते त्याला माहीत नव्हतं.
शेजारच्याच्या पाकिटाकडे बोट केलं.
लायटर त्याच्या ओठांच्या अगदी समोर.
त्याने टाचा उचलल्या
आणि मग मान वाकवली.

मी टाचा बघितल्या.
आणि अठरा रुपये घेतले.

मी तरी काय तोंडाने बोलू.
तेराव्या वर्षी भोरच्या एसटी स्टँडवर बिडी धरली,
थंडी होती म्हणून.
थंडी फेब्रुवारीत गेली.

पहिल्या दिवशी ठसका लागला, डोळ्यांत पाणी,
सगळे हसले, तोही हसला,
आणि त्या हसण्यात त्याला पहिल्यांदा
कुणीतरी नावाने हाक मारली.
दिवाळीनंतर एकाच्या दोन.
मग केमिस्ट्री खालीच बसायला लागली, माझ्या बाकड्यावर.
रविवारी मित्रांबरोबर पर्वती चढायचा,
म्हणे पूर्वी एका दमात.
आता निम्म्यावर वाकून बुटाची नाडी बांधतो.
"रोज तिथंच सुटते का रे?"
हसायला लागला
आणि ते हसू खोकल्यात गेलं.

शेजारी हौसाबाईंची भाजीची पाटी.
घरी जाताना पोरं तिथून कोथिंबिरीच्या दोन काड्या उचलतात,
बोटांवर चोळतात.
ती पैसे मागत नाही. म्हणते, धुणं आहे पोरांचं.

मंगळवारी एक बाई स्कूटी लावून आल्या.
लिंबं निवडता निवडता हौसाबाईंना म्हणाल्या,
"आमचा मुलगा वर क्लासला येतो.
रात्री त्याच्या बोटांना कोथिंबिरीचा वास येतो हो.
स्वयंपाकघरात तर पाऊल ठेवत नाही.
कुठे वडापावच्या गाडीवर कामाला तर लागला नाही ना?
फी फार आहे, हे त्याला मनात लागतं.
मी अजून विचारलं नाही. तोच सांगेल."

हौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं.
मी पाकिटं लावलेलीच होती, पुन्हा लावली.

काल सुतळीला खांबाभोवती दोन वेढे दिले.
लायटर वर गेला.
निहार आला. वर्षात उंच झालाय,
तरी आता बरोबर त्याच्या ओठांसमोर.
म्हटलं, "बसत नाहीस नियमात."
त्याला वाटलं, गंमत.
खिशातून स्वतःचाच लायटर काढला,
सिगारेटही. कुठल्या टपरीवरची, कुणास ठाऊक.

"तुझी आई आली होती," मी म्हटलं.
लायटर पेटलेलाच.
"काय म्हणाली?"
"विचारत होती, तू कामाला कुठे जातोस."

तो ज्योतीकडे बघत राहिला,
अंगठा भाजेपर्यंत.
वर बाकं सरकल्याचा आवाज आला.
साडेसात.